युरियानं गवत हिरवं होतं, पण गाईच्या पोटात नेमकं काय जातं?

भूम, परंडा, वाशी या पट्ट्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात नेपिअर गवतासाठी खत मागितलं, की दुकानदार बहुतेक वेळा काही न विचारता युरियाचं पोतं पुढे करतो. घेणाराही फार विचारत नाही. ४५ किलोचं पोतं, २६६ रुपये ५० पैसे. गवत कापलं, ठोंबांच्या मधे युरिया फोकला, आठ दिवसांत शिवार हिरवंगार.

हिरवं होतं यात वाद नाही. पण त्या हिरव्या वैरणीत गंधक किती गेलं, जस्त किती, कॅल्शियम किती, प्रथिनं खरी किती आणि नुसतं साठून राहिलेलं नत्र किती, हे रंगावरून कळत नाही. आणि यातलं बरंचसं ठरतं ते पोत्यातलं नत्र कोणत्या रूपात आहे आणि ते जमिनीत कसं गेलं, यावर.

धाराशिव जिल्ह्यात ही गोष्ट आता महत्त्वाची का झाली आहे, ते आधी पाहू.

कडबा गेला, नेपिअर आलं

बालाघाटच्या डोंगररांगांमधला हा जिल्हा अवर्षणप्रवण. इथल्या गोठ्याचा आधार पिढ्यान् पिढ्या ज्वारीचा कडबा होता. गंजी लावून ठेवलेला कडबा पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरायचा. मग सोयाबीन आलं. पैसा लवकर हातात येतो म्हणून खरिपाचं बरंचसं रान सोयाबीनखाली गेलं आणि ज्वारी मागे हटली. सोयाबीनचं भुसकट जनावरं खातात, पण ते कडब्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरीकडे दूध मात्र लागतंच. भूम आणि कुंथलगिरीच्या परिसरातला खवा पार पुणे, मुंबई, हैदराबादपर्यंत जातो. एक किलो खव्यासाठी म्हशीचं साधारण पाच लिटर दूध आटवावं लागतं, गाईचं असेल तर त्याहून जास्त. म्हणजे भट्टी पेटती ठेवायची तर गोठा भरलेला हवा.

त्यात हवामानाची तऱ्हा. २०१५-१६ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात जिल्ह्यातली जनावरं चारा छावण्यांमध्ये उभी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात धाराशिव, वाशी आणि लोहारा हे तालुके होते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात पुरानं शेतं, गोठे, साठवलेली वैरण सगळंच धुऊन नेलं.

अशा जिल्ह्यात ज्याच्या विहिरीला थोडंफार पाणी आहे तो दहा गुंठे का होईना, नेपिअर लावतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं फुले जयवंत, तामिळनाडूचं सीओ-४, बाएफचं बीएनएच-१० अशा जाती आहेत. एकदा कांड्या लावल्या की तीन-चार वर्षं कापत राहायचं, साधारण दर ४५ ते ६० दिवसांनी.

पण हे गवत जमिनीतून उचलतं किती? पाणी नीट मिळालं तर एकरी वर्षाला ५० टन हिरवा चारा निघू शकतो. त्यात ८० टक्के पाणी धरलं तर कोरडा पदार्थ १० टन. त्यात दीड टक्का नत्र धरलं, तरी एका एकरातून वर्षाला १५० किलो नत्र गोठ्यात जातं. युरियाच्या भाषेत सात पोत्यांहून थोडं जास्त. दहा गुंठ्यांना पावणेदोन-दोन पोती. पालाश तर बऱ्याचदा नत्राच्या बरोबरीनं किंवा त्याहून जास्त जातो, आणि त्याची आठवण कुणाला होत नाही. शेण परत त्याच तुकड्यात पडलं तर थोडी भरपाई होते. पण शेणखत आधी उसाला किंवा भाजीपाल्याला जातं, गवताच्या वाट्याला उरलंसुरलं.

युरियाच का?

कारण साधं आहे. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे एका पोत्यात २०.७ किलो. भागाकार केला तर एक किलो नत्र १३ रुपयांच्या आत पडतं. दुसरं कुठलंही खत या भावाच्या जवळपासही येत नाही.

हा भाव बाजारानं ठरवलेला नाही. कर आणि कडुनिंबाच्या लेपाचा खर्च सोडून पोत्याची किंमत २४२ रुपये आहे आणि ती २०१८ पासून हललेली नाही. सरकारच्याच सांगण्यानुसार त्याच पोत्याचा खरा खर्च दोन हजारांच्या पुढे जातो, वरचा भार अनुदानाचा. २०१० मध्ये केंद्रानं अन्नद्रव्यावर आधारित अनुदानाची पद्धत आणली तेव्हा डीएपी, पोटॅश, मिश्रखतं तिच्यात आली आणि युरिया बाहेर राहिला. त्यामुळे बाकीच्या खतांचे भाव वर सरकले, युरियाचा जागच्या जागी. २०२४-२५ मध्ये देशात युरियाची विक्री ३८८ लाख टनांच्या आसपास गेली.

स्वस्त वस्तूचा तुटवडाही ठरलेला. २०२५ च्या खरिपात देशभर युरियासाठी रांगा लागल्या. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ‘लिंकिंग’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही: युरिया हवा तर सोबत दुसरं काहीतरी घ्याच. अशा वेळी मिळालेलं पोतं सोयाबीन-मक्यातून वाचलं तर गवताला. थोडक्यात, गवताला कोणतं खत द्यायचं हा निर्णय गवत बघून होतच नाही.

पोत्यापासून मुळापर्यंत

युरिया जसाच्या तसा गवत फारसं खात नाही. जमिनीतल्या युरिएज नावाच्या विकरामुळे तो दोन-चार दिवसांत फुटतो आणि त्याचं अमोनियम होतं. मग जमिनीतले जिवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट करतात. उबदार, हवा खेळती असलेल्या जमिनीत हे काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. गवताची मुळं अमोनियमही घेतात आणि नायट्रेटही.

गडबड पहिल्याच पायरीवर होते. मराठवाड्यातल्या काळ्या जमिनी विम्लधर्मी, सामू बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान, आणि बऱ्याच ठिकाणी चुनखडीच्या. अशा जमिनीच्या पृष्ठभागावर युरिया फुटला की अमोनियमचा बराचसा भाग अमोनिया वायू होऊन हवेत जातो. उन्हाळ्यात गोठ्यातल्या मुताचा डोळ्याला झोंबणारा वास येतो तोच हा वायू. ऊन, वारा आणि वरवरची ओल एकत्र आली तर टाकलेल्या नत्राचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त असा उडू शकतो.

वरवरची ओल इथे मुद्दाम सांगायला हवी. अनेक ठिकाणी आधी गवताला पाणी देतात आणि वापसा आला की युरिया फोकतात. युरिया वाया घालवायची याहून चांगली पद्धत शोधून सापडणार नाही! ओलीवर खडा विरघळतो, फुटतो, पण खाली जात नाही. उलट आधी युरिया टाकून लगेच पाणी दिलं, तर न फुटलेला युरिया पाण्याबरोबर दोन-तीन इंच खाली उतरतो आणि मातीत अडकतो. खर्च तोच, पाणी तेच, फक्त क्रम बदलला.

मग कडुनिंबाचा लेप कशासाठी? २०१५ पासून देशातला सगळा युरिया नीमकोटेड आहे. हा लेप अमोनियमचं नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो, म्हणजे पावसाळ्यात नायट्रेट वाहून जाण्यावर किंवा झिरपण्यावर थोडा लगाम बसतो. अमोनिया उडण्यावर मात्र तो उपाय नाही. लेप आहे म्हणून वर फोकला तरी चालेल, हा समज चुकीचा.

अमोनियम की नायट्रेट: मुळाशी होणारी अदलाबदल

खतातल्या नत्राच्या रूपानुसार गवत बाकीची अन्नद्रव्यं कमी-जास्त उचलतं. कारण मुळाशी विद्युतभाराचा हिशेब कायम जुळवावा लागतो.

अमोनियमवर धन भार असतो. मुळानं तो आत घेतला की बदल्यात हायड्रोजनचा धन भार बाहेर सोडावा लागतो. त्यामुळे मुळाला चिकटलेल्या मातीच्या पातळ थरात आम्लता वाढते. काही मिलिमीटरचाच हा पट्टा. पण चुनखडीच्या रानात तो लाखमोलाचा असतो, कारण अशा जमिनीत स्फुरद, लोह, जस्त आणि मँगनीज असूनही चुन्यात अडकून बसलेले असतात. मुळाशी थोडी आम्लता आली की ते सुटतात आणि गवतात जातात. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो तो लोह नसल्यामुळे नाही, लोह मिळत नसल्यामुळे. गवताचंही तसंच.

नायट्रेटवर ऋण भार असतो. ते आत गेलं की मूळ बदल्यात ऋण भार बाहेर टाकतं आणि मुळाशी सामू किंचित वर जातो. म्हणजे लोह-जस्ताच्या बाबतीत उलटी चाल. पण नायट्रेटबरोबर पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे धन भाराचे सोबती आत ओढले जातात. अमोनियम जास्त असेल तर याच तिघांची मुळाच्या दारात त्याच्याशी स्पर्धा होते.

मग चांगलं कोणतं? एकटं कुठलंच नाही. बहुतेक गवतं दोन्ही रूपं मिळाली तर जास्त खूश असतात. शिवाय कुठलंही पोतं टाकलं तरी उबदार रानात दोन-तीन आठवड्यांनी गवतासमोर बहुतांश नायट्रेटच असतं. त्यामुळे खतांच्या जाहिरातींत दिसतो तितका हा फरक मोठा नसतो. खरा फरक पडतो तो पहिल्या दहा-पंधरा दिवसांत, उडून किंवा वाहून किती गेलं यात, आणि नत्रासोबत पोत्यातून दुसरं काय आलं यात.

आयर्लंडमध्ये कुरणांना वर्षानुवर्षं कॅल्शियम अमोनियम नायट्रेट देत आले, ज्यात निम्मं नत्र अमोनियम आणि निम्मं नायट्रेट असतं. आता तिथे हरितगृह वायू कमी करण्यासाठी युरिएज रोखणारा लेप असलेला युरिया वापरा, असा आग्रह आहे. तिथला पाऊस आणि माती वेगळी, त्यामुळे ते सूत्र उचलून परंड्याला आणता येत नाही. काळ्या चिकण रानात पावसाळ्यात पाणी साचलं की नायट्रेटचा वायू होऊन तो हवेत जातो. सप्टेंबर २०२५ सारख्या पावसात नायट्रेटवाली महागडी खतं गवताला देणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः.

विसरलेलं गंधक

या सगळ्यात धाराशिवच्या गवतासाठी सर्वात मोलाचं असलेलं, आणि सर्वात कमी चर्चेतलं अन्नद्रव्य म्हणजे गंधक.

प्रथिनं बनवायला नत्र लागतं तसं गंधकही लागतं, कारण मिथिओनिन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांत ते असतं. चाऱ्यात साधारण दहा-बारा भाग नत्रामागे एक भाग गंधक असावं, असं मानलं जातं. म्हणजे एकरी १५० किलो नत्र उचलणाऱ्या गवताला १२ ते १५ किलो गंधक हवं. युरियात गंधक शून्य. डीएपीतही जवळपास नाहीच.

पूर्वी हे आपोआप मिळायचं. सिंगल सुपर फॉस्फेट म्हणजे साधं ‘सुपर’ वापरात होतं, त्यात १६ टक्के स्फुरदासोबत ११ टक्के गंधक आणि वर कॅल्शियम. मग एकाच पोत्यात जास्त माल म्हणून डीएपी आलं आणि सुपर मागे पडलं. पोती कमी वाहावी लागली, पण गंधक गेलं. त्यात सोयाबीन हे स्वतः गंधक खाणारं पीक. मराठवाड्यातल्या जमिनींत गंधक आणि जस्ताची कमतरता वाढते आहे ती काही एका रात्रीत आलेली नाही.

गंधक कमी आणि नत्र भरपूर असं झालं तर गवत नत्र उचलतं, पण त्याची पूर्ण प्रथिनं करू शकत नाही. ते नायट्रेट किंवा अर्धवट रूपात पानाच्या देठात, खोडात साठतं. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत ‘कच्ची प्रथिनं’ मोजताना एकूण नत्राला ६.२५ नं गुणतात. त्यामुळे प्रथिनात न बदललेलं नत्रही कागदावर प्रथिन म्हणून झळकतं. एखाद्या नव्या जातीच्या जाहिरातीत ‘१६ टक्के प्रथिनं’ असं लिहिलेलं असेल, तर ते गवत किती दिवसांचं होतं आणि त्याला किती युरिया दिला होता, हे विचारायला हरकत नाही.

गोठ्यात याचा परिणाम

गाईच्या पहिल्या पोटातले जंतू साध्या नत्रापासूनही प्रथिनं बनवतात. पण त्यांनाही गंधक लागतं, आणि ऊर्जा देणारा भरडा किंवा मका. ते नसेल तर जादाचं नत्र अमोनिया होऊन रक्तात जातं, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो मुतावाटे बाहेर पडतो. स्वस्तात आणलेल्या नत्राचा असाही शेवट होतो.

खरा धोका नायट्रेटचा. जनावराच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं. धाप लागते, लाळ गळते, जनावर अडखळतं, रक्त चॉकलेटी दिसतं. वेळेत पशुवैद्यक पोचला तर मेथिलीन ब्लू देऊन वाचवता येतं. वाळल्या वजनावर नायट्रेट एक टक्क्याच्या आसपास गेलं की सावध व्हायला हवं. ताण पडलेलं गवत, त्यावर आलेला पहिला पाऊस, ढगाळ हवा आणि नुकताच दिलेला युरिया हे चारही जुळले की नायट्रेट भरभर साठतं. धाराशिवमध्ये जून-जुलैत असे दिवस येतातच.

कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यांनी होणारी विषबाधा वेगळी. ती हायड्रोसायनिक आम्लाची, त्यात रक्त लालभडक दिसतं. ज्वारीला जास्त नत्र दिलं तर हा धोकाही वाढतो. चारा वाळवला की हे विष बरंच उतरतं, नायट्रेट मात्र वाळवून जात नाही. मुरघास केला तर नायट्रेट बऱ्यापैकी कमी होतं.

नेपिअरची स्वतःची एक खोड आहे, ती म्हणजे ऑक्झलेट. हे कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे खाल्लेलं कॅल्शियम जनावराच्या अंगी लागत नाही. नेपिअरवर जपानमध्ये झालेल्या प्रयोगात नायट्रेट रूपातल्या नत्रानं ऑक्झलेट जास्त, अमोनियम रूपात कमी असं आढळलं. कोवळ्या गवतात ते आणखी जास्त असतं. जास्त दूध देणारी गाय केवळ कोवळ्या नेपिअरवर असेल तर व्याल्यानंतर कॅल्शियम कमी पडून ती खाली बसण्याची भीती वाढते. खनिज मिश्रण आणि सोबत लसूण घास किंवा दशरथ घास ही यावरची जुनी, चालणारी उत्तरं. दशरथ घास द्विदल असल्यानं हवेतलं नत्र स्वतःच घेतो, त्याला युरियाची रांगही लावावी लागत नाही.

मग दुकानात काय मागायचं?

अमोनियम सल्फेटमध्ये साडेवीस टक्के नत्र आणि २३ टक्क्यांच्या आसपास गंधक असतं. ५० किलोच्या एका पोत्यातून दहा किलो नत्र आणि साडेअकरा किलो गंधक, म्हणजे एका एकराची वर्षाची गंधकाची गरज जवळपास भागली. मुळाशी आम्लता आणणारं खत म्हणून चुनखडीच्या रानाला ते मानवतं. अडचण दोन. नत्राच्या किलोमागे ते युरियाच्या कितीतरी पट महाग आहे. आणि चुनखडीवर ते उघडं टाकलं तर चुन्याशी प्रक्रिया होऊन त्यातूनही अमोनिया उडतो. म्हणजे मातीआड करण्यातून सुटका याच्यातही नाही.

२०:२०:०:१३ या मिश्रखतात १३ टक्के गंधक आहे आणि ते महाराष्ट्रात सहज मिळतं. पावसाळ्याच्या तोंडाला एक हप्ता याचा आणि नंतर प्रत्येक कापणीला थोडा युरिया, हा एक मार्ग. त्याहून खिशाला परवडणारा मार्ग सुपर फॉस्फेटचा: एकरी दोन पोती, म्हणजे ११ किलो गंधक आणि १६ किलो स्फुरद, आणि त्यावर नेहमीचा युरिया पाण्याआधी. छोट्या शेतकऱ्यासाठी हाच सर्वात शहाणा पर्याय दिसतो, भले सुपरची पोती वाहायला जड असोत.

नॅनो युरियाबद्दल मात्र आकडे स्वतः मांडून पाहावेत. २०२१ मध्ये आलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के नत्र होतं, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. नंतरच्या २० टक्केवाल्या बाटलीत १०० ग्रॅमच्या आसपास. पोत्यात २० किलो. पानावर फवारलेलं नत्र जास्त कार्यक्षम असतं हे मान्य केलं, तरी दर दीड-दोन महिन्यांनी सगळाच्या सगळा पाला कापून नेणाऱ्या पिकाची भूक ग्रॅममध्ये भागत नाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या भात-गव्हावरच्या प्रयोगात नेहमीच्या नत्राचा हिस्सा कापून नॅनो युरिया दिल्यावर उत्पादन घटलं होतं.

मातीचं आरोग्य पत्रक २०१५ पासून मिळतं आणि त्यात गंधक, जस्त, लोह, सामू अशा बारा गोष्टी असतात. पण नमुना बहुतेक वेळा सोयाबीनच्या किंवा उसाच्या रानातून जातो. गोठ्यामागच्या दहा गुंठ्यांची माती वेगळी तपासायला द्यायला हवी, कारण तिथून वर्षभर कापून नेलं जातं आणि तिथली स्थिती शेजारच्या रानापेक्षा वेगळी असते.

एक काळजी मात्र कुठल्याही खताबरोबर घ्यावीच लागते. नत्र कापणीनंतर लगेच, थोडं-थोडं द्यायचं आणि पुढची कापणी दीड महिन्यानं करायची. टंचाईत लोक वीस-पंचवीस दिवसांवरच विळा घालतात. नायट्रेट आणि ऑक्झलेट दोन्ही तेव्हाच सर्वात जास्त असतात. अगदीच नाइलाज असेल तर कापणी बुडापासून थोडी वर घ्यावी, कारण नायट्रेट खोडाच्या खालच्या भागात जास्त साठतं, आणि कुट्टीत निम्मा तरी कडबा किंवा वाळली वैरण मिसळावी.

सरकारच्या पोतडीत यावरचं एक उत्तर आधीच आहे. जुलै २०२३ मध्ये ‘युरिया गोल्ड’ आलं: ३७ टक्के नत्र, १७ टक्के गंधक, गंधकाचा लेप दिलेला युरिया. ४० किलोचं पोतं, भाव तोच २६६ रुपये ५० पैसे. एका पोत्यात १४.८ किलो नत्र आणि ६.८ किलो गंधक. गंधक मूलद्रव्य रूपात असल्यानं ते जिवाणूंनी पचवून मुळांना मिळायला वेळ लागतो, पण विम्लधर्मी रानात त्याचा उपयोगच होतो. त्याच पैशात सहा किलो नत्र कमी आणि सात किलो गंधक जास्त, असा हा सौदा आहे. युरिया घेताना पोत्याचं वजन आणि हिरवेपणा एवढंच बघायची सवय असलेल्या शेतकऱ्याला तो तोट्याचा वाटणार, आणि दुकानदार तर जे पटकन उठतं तेच मागवणार. भूमच्या दुकानात पुढच्या जूनमध्ये कोणतं पोतं थप्पीला लागलेलं असेल, हे या दोघांच्या हिशेबावर ठरेल.